मदत हवी आहे: डोक्याला मार लागल्यापासून दादाला लघवी आवरत नाही

धाकटी: घाईत लिहितेय. "लागली" म्हणेपर्यंत झालेली असते. काल रात्री तीनदा चादर बदलली. यावर गोळी कोणती चांगली? डायपर सुचवू नका, तो फाडून टाकतो.

सदाफुली: मार कधी लागला? वय? कॅथेटर (लघवीची नळी) होता का?

खडूस काका: आमच्या वडिलांना कंडोम कॅथेटर लावला, तो कंडोमसारखा बाहेरून चढवतात आणि लघवी नळीने पिशवीत जाते. कटकट मिटली. माप नीट घ्या, नाहीतर गळतो.

उंटावरून: काका, डायपर फाडणारा माणूस ते अंगावर ठेवेल? दर दोन तासांनी न्या. "लागली का?" विचारूच नका, उत्तर "नाही"च येतं. "चल" म्हणायचं. मेंदूच्या पुढच्या भागाला मार बसला की मूत्राशयाचा लगाम सुटतो, थोडं भरलं तरी ते आवळतं.

खडूस काका: आणि रात्री दर दोन तासांनी कोण उठणार, तुम्ही?

उंटावरून: ती आत्ताही उठतेच आहे ना!

मीनल_०७: ओटीपोटाचे व्यायाम करा. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला खूप फरक पडला.

धाकटी: दादा आहे हो तो. वय ४१, पाच महिने झाले. कॅथेटर तीन आठवड्यांनी काढला. मधे दोन महिने छान होतं. संध्याकाळनंतर पाणी बंद केलंय.

सदाफुली: मधे छान होतं? हे आधी सांगायचं ना! पाणी एवढं तोडू नका, लघवी घट्ट होऊन जळजळ वाढते. जंतुसंसर्ग आहे का ते तपासा. लघवी करून आल्यावर आत किती उरते तेही सोनोग्राफीत बघतात. खूप उरत असेल तर हे ओसंडून गळणं. तिथे लघवी रोखणारी गोळी दिली तर तुंबेल. शिवाय ऑक्सिब्युटिनिनसारख्या गोळीने डोक्यातला गोंधळ वाढू शकतो. शौचाला साफ होते का? चाल कशी आहे?

धाकटी: शौचाला ठीक. पाय जमिनीला चिकटल्यासारखे टाकतो, महिनाभर. दिवसा पेंगतो. अशक्तपणा असेल म्हटलं.

सदाफुली: गोळीचं राहू दे. आजच न्यूरोसर्जनना फोन कर. चाल, लघवी आणि सुस्ती एकदम बिघडली की मेंदूत पाणी साठलंय का ते सीटी स्कॅन करून बघतात. मारानंतर काही महिन्यांनीही साठतं. उलट्या होत असतील किंवा हाक मारून उठत नसेल तर फोनही नको, थेट इमर्जन्सीत ने.

खडूस काका: रबरी शीट चादरीखाली घाला, गादी वाचते.

धाकटी: डॉक्टरांनी लगेच बोलावलंय. निघतोय.