पुन्हा ट्राम! ‘शुक्रवारची मुंबई’ मेलबद्दल

प्रेषक: गिरगावकर काका
विषय: पुन्हा ट्राम!

मंडळी, सप्रेम नमस्कार.

आज सकाळी मंडळाची दर आठवड्याची ‘शुक्रवारची मुंबई’ मेल उघडली तर पुन्हा ट्रामचंच टिपण. गणपतीच्या आधी ट्राम, फराळाबरोबर ट्राम, आज तिसऱ्यांदा ट्राम. 31 मार्च 1964 ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली हे आता आमच्या नातवालाही तोंडपाठ झालंय. टिपण उत्तम आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परदेशातून परत आलेल्या आपण आणि अजून तिकडेच असलेल्यांनी मिळून चांगली 52 टिपणं लिहून दिली होती. मी बाणगंगेवर लिहिलं, ते सहा महिन्यांत एकदाही आलेलं नाही.

हे निवडतं कोण? माणूस निवडत असेल तर त्याला घरी चहाला बोलावतो, समोरासमोर बोलू. मशीन निवडत असेल तर तिच्याशी कसं बोलायचं ते संगणकवाल्यांनी सांगावं.

लोभ असावा.

—

प्रेषक: पार्लेकर ताई
विषय: उत्तर: पुन्हा ट्राम!

काका, माणूस नाही हो, तुमचा चहा वाचला.

मंडळाच्या आधीच्या सचिवांनी एन-एट-एनवर (ठरलेली कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर) वर्कफ्लो, म्हणजे पायऱ्यांची साखळी, बसवून दिलाय, तो शुक्रवारी सकाळी आठला आपोआप सुरू होतो. गूगल शीटमधल्या सगळ्या ओळी वाचतो, क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला रँडम लावलंय, पुढे ‘लिमिट’ 1, म्हणजे एकच ओळ घ्यायची, आणि जी ओळ हाती लागेल ती यादीवर मेल होऊन जाते. मी आज सगळं उघडून पाहिलं, लाल खूण कुठेच नाही. मुलुंडकर, तू जरा नजर टाकतोस का?

—

प्रेषक: मुलुंडकर
विषय: उत्तर: उत्तर: पुन्हा ट्राम!

ताई, काका,

लाल खूण दिसणार नाही, कारण बिघाड नाहीच. दर शुक्रवारी 52 मधून एक उचल, एवढंच त्याला सांगितलंय आणि ते तो इमानदारीत करतोय. गेल्या शुक्रवारी काय उचललं होतं हे लक्षात ठेवायला त्याला कुणी सांगितलेलं नाही. कोजागिरीला आपण हौजी खेळतो तेव्हा पुकारलेला आकडा पिशवीबाहेर राहतो, म्हणून 90 आकड्यांत एकही दुसऱ्यांदा येत नाही. आपला वर्कफ्लो आकडा पुकारून परत पिशवीत टाकतो.

यात पुनरावृत्ती किती लवकर होते याचा अंदाज सहसा चुकतो. हिशेब मांडला: 52 टिपणं, दर वेळी सगळ्यांतून एक, तर पहिल्या दहा शुक्रवारांतच एखादं टिपण दुसऱ्यांदा येण्याची शक्यता 60 टक्के. 23 माणसं जमली की त्यांतल्या दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते, तेच हे गणित. वर्षभर असंच चालू ठेवलं तर सरासरी 19 टिपणांचा नंबरच लागत नाही. आणि सगळी 52 एकदा तरी यायची म्हणजे सरासरी 236 आठवडे, साडेचार वर्षं! काका, बाणगंगेवर कुणाचा राग नाही.

उपाय सोपा आहे. शीटमध्ये ‘पाठवल्याची तारीख’ असा रकाना घाला. शीट वाचून झाली की आधी फिल्टर लावायचा: ज्यांचा हा रकाना कोरा, तेवढ्याच ओळी पुढे जातील. मग आत्ताचंच रँडम आणि लिमिट, मग मेल, आणि सगळ्यात शेवटी त्या ओळीत आजची तारीख लिहायची. आहे त्यात एक फिल्टर आणि एक अपडेट, एवढीच भर.

तारीख कोणत्या ओळीत लिहायची हे मात्र शीर्षकावरून ठरवू नका. आपल्याकडे ‘राणीची बाग’ नावाची दोन टिपणं आहेत, दोन वेगळ्या लोकांची. शीर्षक जुळवायला सांगितलं तर तारीख भलत्याच टिपणावर पडू शकते आणि एक बिचारं न जाताच ‘गेलेलं’ ठरेल. प्रत्येक टिपणाला कायमचा क्रमांक द्या आणि अपडेटमध्ये तोच जुळवा.

मेल आधी की तारीख आधी, हाही प्रश्न येतो. तारीख आधी लिहिली आणि मेल अडकली, तर ते टिपण गुपचूप बाद. मेल आधी गेली आणि तारीख लिहायची राहिली, तर ते पुन्हा येईल. मी दुसरा धोका पत्करेन. हरवलेलं टिपण कुणाला कळत नाही. पुन्हा आलेलं कळवायला काका आहेत.

—

प्रेषक: दादरकर
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पुन्हा ट्राम!

मुलुंडकर, दर आठवड्याला चाळण लावायची कशाला? एकदाच सगळी यादी पिसून घ्या, ओळींना 1 ते 52 नवे नंबर द्या आणि दर शुक्रवारी पुढचा नंबर पाठवा. निवड एकदाच होते, नंतर फक्त वाटप.

पिसायची रीत जुनी आणि पक्की आहे. फिशर आणि येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी ती 1938 साली कागद-पेन्सिलीने करायची म्हणून दिली होती. संगणकासाठीचं आजचं रूप डर्स्टेनफेल्डने 1964 मध्ये छापलं (तुमची ट्राम बंद झाली तेच साल, बघा). शेवटच्या जागेपासून सुरुवात करायची: 1 ते 52 मधला एक आकडा काढायचा आणि त्या जागेवरचं टिपण 52व्या जागेवरच्या टिपणाशी बदलायचं. मग 52वी जागा पक्की. आता 1 ते 51 मधून आकडा काढायचा, 51वी पक्की. असं खाली यायचं.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे दर वेळी 1 ते 52 मधूनच आकडा काढणं. दिसायला जास्त रँडम, प्रत्यक्षात पक्षपाती. तीनच टिपणं घेऊन बघा. दर वेळी 1 ते 3 काढलं तर 3×3×3, म्हणजे 27 वाटा होतात, आणि तीन टिपणांचे क्रम सहाच. 27 ला सहाने भाग जात नाही, म्हणजे काही क्रमांना जास्त वाटा मिळणार हे ठरलेलंच.

दुसरा आवडता शॉर्टकट म्हणजे सॉर्टला दोन दोन ओळींची तुलना करायला लावायची आणि कोणती आधी याचं उत्तर नाणेफेक करून द्यायचं. 2010 मध्ये युरोपातल्या विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडायची जी खिडकी मायक्रोसॉफ्टने दाखवली, तिच्यात नेमकं हेच होतं. कोणता ब्राउझर कुठे दिसणार यात समानता नव्हती, आणि लोकांनी ते मोजून दाखवलं.

शीटमध्येच पिसायचं असेल तर बाजूच्या रकान्यात रँड फंक्शन (आपोआप रँडम आकडा देणारं सूत्र) घालून त्या आकड्यांनुसार क्रम लावता येईल. पण शीटमध्ये काहीही टाइप केलं की ते आकडे बदलतात. म्हणून ते आधी कॉपी करून ‘फक्त व्हॅल्यू’ म्हणून पेस्ट करायचे, नाहीतर दर शुक्रवारी नवा क्रम आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

—

प्रेषक: मुलुंडकर
विषय: उत्तर: पुन्हा ट्राम! (पिसायचं की गाळायचं)

दादरकर, यादी कायमची बंद असती तर तुमचंच केलं असतं. पण आपली यादी जिवंत आहे. ताईंकडे गेल्या आठवड्यात आणखी टिपणं आलीत, शिवडीच्या फ्लेमिंगोंचं तर फोटोंसकट. पिसून झालेल्या क्रमात ती कुठे घुसवायची? शेवटी टाकली तर फ्लेमिंगो उडून गेल्यावर त्यांची मेल यायची. तारखेच्या रकान्यात हा प्रश्नच नाही, नवीन ओळ कोरी असते आणि पुढच्याच शुक्रवारी स्पर्धेत उतरते.

शिवाय तो पुढचा नंबर लक्षात कुठे ठेवणार? एन-एट-एनची स्वतःची साठवण आहे, पण वर्कफ्लो चालू ठेवून तो आपोआप सुटतो तेव्हाच ती टिकते. हाताने चाचणी घेतली तर काही साठत नाही, आणि माणूस तासभर डोकं खाजवत बसतो. शीटमधली तारीख मात्र ताईंना दिसते, काकांना दिसते, चुकली तर खोडता येते.

माझ्याच रीतीत एक खड्डा आहे, तो आत्ताच बुजवू. सगळी टिपणं संपली की फिल्टरमधून एकही ओळ बाहेर येणार नाही. एन-एट-एनचा स्वभाव असा की पुढे काही आलं नाही तर पुढचे नोड, म्हणजे पुढच्या पायऱ्या, चालतच नाहीत. चूक नाही, सूचना नाही, मेल नाही. म्हणून कोऱ्या तारखेऐवजी ‘कितीदा गेलं’ असा आकडा ठेवू. वर्कफ्लो आधी सगळ्यात लहान आकडा शोधेल आणि तो आकडा असलेल्या ओळींतूनच निवडेल. सगळे 1 झाले की दुसरी फेरी आपोआप सुरू, काही पुसायला नको.

तारखेचा रकाना तरीही असू दे. पहिल्या फेरीत शेवटी गेलेलं टिपण दुसऱ्या फेरीत पहिलंच निघू शकतं, आणि मग काकांची मेल ठरलेली. गेल्या आठ आठवड्यांत गेलेलं आधी वगळा आणि मगच सगळ्यात लहान आकडा शोधा, अशी अट घातली की झालं.

—

प्रेषक: माहीमकर वहिनी
विषय: उत्तर: पुन्हा ट्राम! (पिसायचं की गाळायचं)

तुमचं गणित चालू दे, माझं एक गाऱ्हाणं आहे. टिपण पुन्हा येत नाही हे ठीक. पण गिरगावची नऊ टिपणं आहेत. ती लागोपाठ तीन शुक्रवार आली तर मी म्हणणार, पुन्हा गिरगाव! माहीमला जागा ठेवा की जरा.

—

प्रेषक: मुलुंडकर
विषय: उत्तर: वहिनींचं गाऱ्हाणं

वहिनी, खऱ्या रँडममध्ये असे गठ्ठे पडतातच, आणि माणसांना ते रँडम वाटत नाहीत. गाण्यांच्या शफलबद्दल स्पॉटिफायकडेही हीच तक्रार जायची. एकाच गायकाची गाणी लांब लांब पसरतील असा बदल त्यांनी केला आणि 2014 मध्ये तो कसा केला ते लिहूनही टाकलं.

आपण ‘विभाग’ रकाना घालू आणि गेल्या शुक्रवारचा विभाग या शुक्रवारी वगळू. फक्त एक सवलत ठेवायला लागेल. फेरीच्या शेवटी सगळी गिरगावचीच उरली तर या अटीने हाती शून्य ओळी राहतील आणि पुन्हा मेल बंद. तेव्हा अट लावून काही उरलं नाही तर विभागाची अट सोडायची. आठ आठवड्यांची सोडायची नाही.

—

प्रेषक: पार्लेकर ताई
विषय: ठरलं

शीटमध्ये आज क्रमांक, विभाग, कितीदा गेलं, तारीख हे चार रकाने टाकले. आत्तापर्यंत गेलेल्या मेल शोधून आकडे भरले. ट्रामसमोर 3 आहे, म्हणजे बाकी सगळ्यांच्या तीन तीन फेऱ्या होईपर्यंत ती येत नाही. काका, बाणगंगेसमोर 0 आहे, पण रांग मोडून ती पुढे काढणार नाही, विचारू नका.

नवीन टिपण घालताना ‘कितीदा’मध्ये 0 लिहा, कोरं सोडू नका. कोरं म्हणजे 0 असं तो धरेलच याचा भरवसा नाही. क्रमांक मी देईन. मुलुंडकर, चाचणी करायची तर शीटची प्रत काढून आणि मेलचा पत्ता स्वतःचा घालून कर, नाहीतर बुधवारी रात्री अकराला सगळ्यांना ‘शुक्रवारची मुंबई’ जाईल. आणि माहीमचं एकच टिपण आहे. वहिनी, अजून दोन पाठवा.