मदत हवी आहे: अंड्याशिवाय जिंजरब्रेड हाऊसचं छप्पर कशाने चिकटवू?

नमस्कार मंडळी. नेरुळला आमच्या सोसायटीत नाताळसाठी मुलांसोबत जिंजरब्रेडचं, म्हणजे सुंठ घातलेल्या बिस्किटांचं घर करायचंय. काही घरांत अंडं चालत नाही, म्हणून सगळं बिनअंड्याचं हवं.

बिस्किटाचा भाग जमलाय. मैदा, लोणी, काकवी, सुंठ, दालचिनी, लवंग. सोडा अगदी चिमूटभर, म्हणजे तुकडे फुगून आकार बिघडत नाही. पीठ 6 मिमी जाड लाटून ओटीजीत 170 अंशांवर भाजते आणि गरम असतानाच कडा सुरीने सरळ कापून घेते. भिंती खणखणीत होतात.

अडतंय ते आयसिंगपाशी, म्हणजे तुकडे जोडायच्या साखरेच्या लेपापाशी. आयसिंग शुगर दुधात कालवून पाहिली: वरून पापडी धरते, आत ओलीच राहते आणि छप्पर हळूहळू खाली सरकतं. छोल्यांचं पाणी फेटून केलेलं आयसिंग नक्षीला सुरेख, छपरावरून लोंबणारा बर्फही छान काढता येतो, पण सांध्याला तेवढी पकड नाही. मेरिंग्यू पावडर कृपया सुचवू नका, तिच्यात अंड्याचा पांढरा भागच असतो. साखरेचं कॅरॅमल क्षणात धरतं, पण लहान मुलं आसपास असताना उकळता पाक मला नकोच.

घर 3 दिवस तळमजल्यावरच्या हॉलमध्ये राहील. तिथे एसी नाही, खाडी जवळ, त्यात काकवी ओल ओढते. नंतर मुलं ते खाणार, त्यामुळे गोंद, टूथपिक काही चालणार नाही.

छोल्यांच्या पाण्याच्या आयसिंगमध्ये साखर वाढवून आणि क्रीम ऑफ टार्टर (फेस टिकवणारी आंबट पूड) घालून छप्पर पेलेल इतकं ते घट्ट होतं का, प्रमाण काय घ्यावं? की सांध्यांना सरळ डार्क कंपाउंड चॉकलेट (कोको बटरऐवजी वनस्पती तेलाचं) लावू? आपल्याकडच्या हवेत, एसीशिवाय, ते कोणाचं टिकलंय का?