क्लोझापिन सुरू करण्याविषयी मदत हवी आहे: रक्ततपासणी, पोट आणि विडी

नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला (वय २९) स्किझोफ्रेनियाचे निदान होऊन सात वर्षे झाली. आम्ही सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहतो. त्याचे उपचार जिल्ह्याच्या ठिकाणी चालतात. फाइल, गोळ्यांच्या वेळा आणि डॉक्टरांकडच्या फेऱ्या हे सगळे माझ्याकडे आहे. गेल्या भेटीत डॉक्टरांनी क्लोझापिन सुचवले आणि तेव्हापासून, म्हणजे पंधरा दिवस, घरात दुसरा विषय नाही. ज्या शुभंकरांनी, म्हणजे मानसिक आजार असलेल्या आपल्या माणसाची काळजी घेणाऱ्यांनी, हे औषध जवळून पाहिले आहे त्यांना काही नेमक्या गोष्टी विचारायच्या आहेत.

आधी पार्श्वभूमी सांगते. सुरुवातीला दोन वर्षे रिस्पेरिडोन होते. त्याने संशय कमी झाला, पण हात इतके कापू लागले की चहाची बशी त्याला धरवेना. त्यानंतर ओलांझापिन सुरू झाले आणि ते वाढवत २० मिलिग्रॅमपर्यंत नेले. या काळात त्याचे वजन ५८ किलोवरून ७७ किलोवर गेले, झोप सुधारली, जेवणखाण सुरळीत झाले. कानातले आवाज मात्र गेले नाहीत. आजही तो दुपारी न्हाणीघरातला नळ सोडून बादलीशेजारी बसून राहतो, कारण पाण्याच्या आवाजात ‘ते बोलणारे’ दबतात असे तो म्हणतो. बादली भरून वाहत असते, आणि कोणी नळ बंद केला की तो रागावत नाही, नुसता कानांवर हात ठेवतो. मागच्या दिवाळीत त्याला विहिरीच्या काठावरून परत आणावे लागले. त्याविषयी इथे अधिक लिहीत नाही.

डॉक्टरांचे म्हणणे असे, की दोन वेगवेगळी औषधे पुरेशा मात्रेत, प्रत्येकी किमान सहा आठवडे आणि न चुकता घेऊनही लक्षणे टिकून राहिली, तर तो आजार उपचारांना दाद न देणारा समजतात, आणि अशा आजारावर क्लोझापिनइतका ठोस पुरावा दुसऱ्या कोणत्याही औषधाचा नाही. गोळ्या खरोखर पोटात जातात का, हे त्यांनी मला दोनदा विचारले. जातात, मी समोर उभी राहून देते.

अडचण वडिलांची आहे. गावातल्या औषधदुकानात चौकशी केली, तेव्हा तिथल्या माणसाने ‘ती रक्त खाणारी गोळी आहे’ असे सांगितले, आणि ते वाक्य वडिलांच्या मनातून जात नाही. मी जमेल तसे वाचले, तेव्हा त्या वाक्यामागे खरा इतिहास आहे हे लक्षात आले. १९७५ मध्ये फिनलंडमध्ये या औषधामुळे काही रुग्णांच्या रक्तातील जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी जवळजवळ नाहीशा झाल्या आणि त्यांपैकी आठ जण दगावले. त्यानंतर अनेक देशांत ते मागे घेतले गेले. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासात, इतर औषधांनी बरे न वाटलेल्या २६८ रुग्णांपैकी काहींना क्लोझापिन आणि बाकीच्यांना जुने क्लोरप्रोमाझिन देऊन सहा आठवडे पाहिले, तेव्हा क्लोझापिनच्या गटात ३० टक्क्यांना आणि दुसऱ्या गटात ४ टक्क्यांना लक्षणीय फरक पडला. त्या बळावर १९८९ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली, पण नियमित रक्ततपासणीच्या अटीवर. आत्महत्येची वारंवार ओढ असलेल्या स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांमध्ये ती ओढ कमी करण्यासाठीही तिथे २००२ पासून याला मान्यता आहे, आणि खरे सांगायचे तर माझे मन वळले ते या एका ओळीमुळे.

पेशी धोकादायकरीत्या घटण्याचे प्रमाण शंभरात एकापेक्षा कमी आहे आणि बहुतेक प्रकार पहिल्या साडेचार महिन्यांत घडतात, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणून आरंभी दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याने आणि वर्षभरानंतर महिन्याला सीबीसी (रक्तातील पेशी मोजण्याची तपासणी) करायची आहे. वडिलांचा प्रश्न असा, की आधी हात कापले, मग वजन वाढले, आता आठवड्याला रक्तही द्यायचे का. त्यांना काय उत्तर द्यावे हे मला कळत नाही, कारण त्यांचे म्हणणे चुकीचे नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आमच्या गावातल्या लॅबच्या रिपोर्टवर न्यूट्रोफिल (म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या त्याच पांढऱ्या पेशी) फक्त टक्क्यांत लिहिलेले असते, डॉक्टरांनी मात्र ‘१५००च्या खाली गेले तर फोन करा’ असे सांगितले आहे. या दोन्हींचा मेळ कसा घालायचा? दुसरे, भाऊ दिवसाला विड्यांचा एक कट्टा संपवतो, आणि ते ऐकल्यावर डॉक्टरांनी ‘विडी एकदम सोडायला लावू नका, आधी मला सांगा’ असे बजावले. व्यसन सोडू नका असे सांगणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला, त्यामुळे मी गोंधळले आहे. तिसरे, रक्ताव्यतिरिक्त घरात रोज कशावर लक्ष ठेवावे लागते? रक्ताविषयी सगळे बोलतात, बाकीचे कोणी सांगत नाही.

प्रतिसाद १

ताई, आमचा मुलगा नऊ वर्षे क्लोझापिनवर आहे, तेव्हा तुमच्या तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

रक्ताची भीती आम्हालाही होती, पण प्रत्यक्षात आम्हाला रुग्णालयात न्यावे लागले ते पोटामुळे. हे औषध आतड्यांची हालचाल मंद करते. चौथ्या महिन्यात मुलाला पाच दिवस शौचाला झाले नव्हते आणि आम्हाला पत्ता नव्हता, कारण तो स्वतःहून सांगत नाही आणि तिशीतल्या मुलाला रोज ते विचारणे आम्हाला अवघड वाटत होते. पोट ताठ झाले, उलट्या सुरू झाल्या, आणि आतडे अडले आहे असे तिथल्या डॉक्टरांनी सांगितले. वेळेत पोहोचलो म्हणून निभावले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने याच कारणासाठी २०२० मध्ये आपला इशारा अधिक कडक केला, कारण अशा अडथळ्याने मृत्यूही होतात. तेव्हापासून आमच्या स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज एक बारीक टिंब असते. टिंब नसलेले दोन दिवस झाले, की डॉक्टरांना फोन जातो. पोट साफ होण्याचे औषध पहिल्या दिवसापासूनच द्यायचे का, हे आधी विचारून घ्या. इसबगोलवर आपल्या मनाने विसंबू नका. आतडे मंद असताना आणि पाणी कमी पडले तर तेच आत साठून बसते.

बाकी गोष्टी थोडक्यात सांगतो. रात्री लाळ इतकी गळते की उशी ओली होते. आम्ही उशीच्या अभ्र्याखाली टॉवेल घालतो. पहिले काही आठवडे तो दिवसभर पेंगत असे. वजन आणि साखर ओलांझापिनइतकीच वाढू शकते, म्हणून कंबरेचे माप आणि साखरेची तपासणी चुकवू नका. पहिल्या दोन महिन्यांत ताप, छातीत दुखणे, धाप लागणे किंवा नाडी जोरात चालणे यांतले काही झाले तर ‘हवाबदल’ म्हणून सोडू नका. क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते आणि ती याच काळात येते. ताप किंवा घसा दुखणे पुढेही केव्हाही झाले, तर त्याच दिवशी सीबीसी. आणि गोळी सलग दोन दिवस चुकली तर जुन्या मात्रेवर परत जायचे नसते; अगदी थोड्या मात्रेपासून पुन्हा चढवावे लागते. आमचे एकदा लग्नाच्या गडबडीत तसे झाले.

वडिलांसाठी एवढेच सांगतो, की आमच्याकडे आवाज पूर्ण गेले नाहीत. पण तो आता त्यांना उत्तरे देत नाही, आणि सकाळी दूध आणायला स्वतः जातो.

प्रतिसाद २

मी औषधनिर्माणशास्त्र शिकवत असे, आता निवृत्त आहे. पहिल्या दोन प्रश्नांपुरते लिहिते; मात्रेचा निर्णय अर्थातच आपल्या डॉक्टरांचा.

रिपोर्टवरील एकूण पांढऱ्या पेशींचा आकडा घ्या आणि त्याचे न्यूट्रोफिलच्या टक्क्यांइतके प्रमाण काढा. समजा एकूण पेशी ५,२०० आणि न्यूट्रोफिल ५८ टक्के आहेत, तर ५,२०० गुणिले ५८ भागिले १०० म्हणजे ३,०१६. हा आकडा १५००च्या वर आहे, म्हणून ठीक. नुसते टक्के पाहून फसगत होते, कारण एकूण पेशीच २,००० असतील तर तेच ५८ टक्के म्हणजे ११६० होतात. प्रत्येक रिपोर्टवर हा आकडा पेनाने लिहून ठेवा. १०००च्या खाली गेला तर सर्वसाधारणपणे औषध थांबवतात. तशा वेळी सकाळची वाट पाहू नये.

विडीविषयी आपले डॉक्टर बरोबर आहेत. विडी-सिगारेटच्या धुरातील घटकांमुळे यकृतातले क्लोझापिनचा निचरा करणारे एक विकर (एन्झाइम) अधिक जोमाने काम करते, त्यामुळे ओढणाऱ्याच्या रक्तात औषध कमी उरते आणि मात्रा त्या हिशेबाने बसवलेली असते. विडी अचानक सुटली, अगदी रुग्णालयात दाखल असल्यामुळे सुटली तरी, आठवडाभरातच औषधाची पातळी चढते आणि गुंगी येणे, तोल जाणे, कधी फिट येणे असे प्रकार होतात. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नव्हे; मळून खाल्लेल्या तंबाखूने तो होत नाही. विडी सुटावी हे उत्तमच, पण मात्रा कमी करत, ठरवून. आणखी एक सांगते: जुलाब किंवा लघवीच्या जळजळीसाठी आपल्याकडे सिप्रोफ्लोक्सासिन सर्रास दिले जाते. तेही याच विकराला अडवून पातळी वाढवते. कोणत्याही दवाखान्यात गेलात तरी ‘क्लोझापिन चालू आहे’ हे पहिल्या वाक्यात सांगा.

धागाकर्तीकडून

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री वडिलांना पहिला प्रतिसाद वाचून दाखवला. रक्ताविषयी ते काही बोलले नाहीत. कालनिर्णयवरच्या टिंबाचे ऐकून मात्र ‘ते मी करीन’ म्हणाले. गुरुवारी औषध सुरू होण्याआधीची सीबीसी, साखर आणि ईसीजी करायला जात आहोत.

एक प्रश्न राहिला. तालुक्याची लॅब रविवारी बंद असते आणि आमच्याकडून जिल्ह्याला दीड तास लागतो. शनिवारी रात्री ताप आला तर कोणाकडे जायचे, याची व्यवस्था ज्यांनी आधीच लावून ठेवली आहे त्यांनी ती कशी लावली, हे सांगाल का?