मेणवलीचा घाट रंगवताना चित्र गजबजतं, आकार सोपे कसे करू?

प्रश्न: वाईजवळच्या मेणवलीला जलरंगात काम करतोय, क्वार्टर (पूर्ण तावाच्या पाव आकाराच्या) कागदावर. पायऱ्या, देवळं, झाडांची पानं सगळं काढतो. लांबून मात्र नुसता गोंधळ दिसतो. काय वगळू?

उत्तर १: वगळणं नंतर, आधी जोडा. डोळे किलकिले करून बघा. ज्या दोन गोष्टींमधली कड दिसेनाशी होते, तो एकच आकार. झाडाखालचा काळोख आणि त्याला चिकटलेल्या सावलीतल्या पायऱ्या एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका सलग थरात, जाऊ द्या. त्याआधी वहीत २ x ३ इंचाची चौकट आखा, ४बी पेन्सिलने फक्त तीन छटा: कोरा कागद, मधली, गडद. दृश्य पाच ते सात आकारांत बसलं नाही तर बसायची जागा बदला. आणि तिन्ही छटा सारख्याच प्रमाणात नकोत, चित्र मरतं.

उत्तर २: पायऱ्या मोजू नकाच! सगळा घाट म्हणजे एक उतरती फिकट पट्टी. वाळल्यावर चार-पाच तुटक रेषा, त्याही ऊन-सावलीच्या सीमेवर. लहान ब्रश पिशवीतच ठेवा. सुरुवातीला एक इंची फ्लॅट, म्हणजे चपटा ब्रश.

प्रश्नकर्ता: मग सपाट नाही का दिसणार?

उत्तर १: आकाराची बाहेरची कड नीट असेल तर नाही. झाडाच्या कडेला आकाशाची दोन-तीन भोकं सोडा, लांबचे डोंगर निळसर आणि मऊ कडांचे. फक्त ते त्रिकोणी काढू नका हो, आपल्याकडचे माथे बरेचसे सपाट असतात, मध्ये कातळाची आडवी पट्टी.