चालती गाडी धोका देते आणि शोरूम हात वर करतं : सोलापूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मे महिन्यातली दुपार. आई आणि माझी सात वर्षांची मुलगी मागे बसलेल्या, मी पुण्याहून सोलापूरला येत होते. सावळेश्वरचा टोलनाका मागे पडला. पुढच्या कंटेनरला ओव्हरटेक करायला गाडी उजवीकडे काढली आणि इंजिन गप्प झालं. डॅशबोर्डवरचे सगळे दिवे एकदम पेटले. स्टिअरिंग इतकं जड झालं की दोन्ही हातांनी ओढावं लागलं. ब्रेक एकदा लागला. दुसऱ्यांदा दाबला तर पायाखाली पाट ठेवल्यासारखा घट्ट. मागून ट्रकचा हॉर्न येत होता. कशीबशी दुभाजकाला चिकटून थांबले. आईने मुलीचा हात इतका आवळून धरला होता की तिच्या मनगटावर बांगडीचा वळ उठला होता.

गाडी अकरा महिन्यांची, चौदा हजार किलोमीटर चाललेली. त्यानंतर ती आणखी तीन वेळा अशीच बंद पडली: एकदा विजापूर रोडला, एकदा सात रस्त्याच्या सिग्नलवर, एकदा तुळजापूरच्या घाटात. चारही वेळा शोरूमला नेली. पहिल्या वेळी मी सांगितलं, “चालू गाडी बंद पडते, ब्रेक आणि स्टिअरिंग जड होतं.” सल्लागाराने टॅबवर काहीतरी टाकलं, माझ्यापुढे काच धरली आणि बोटाने सही घेतली. घरी येऊन ईमेल उघडला तर जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवलेल्या शोरूमच्या कागदावर, लिहिलेलं: ‘जनरल चेकअप’. तिसऱ्या वेळी विचारलं, “मॅडम, पेट्रोल कुठं भरता?” चौथ्या वेळी गाडी नऊ दिवस ठेवून घेतली आणि “भरपूर चालवून पाहिली, काही दोष नाही” असं सांगितलं. गाडी देताना मी किलोमीटरचा फोटो काढून ठेवला होता. नऊ दिवसांत गाडी सहा किलोमीटर फिरली होती.

मी शाळेत शिकवते. गाडीतलं मला काही कळत नाही, आणि शोरूमच्या काउंटरवर ते दर वेळी मला जाणवून दिलं गेलं. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर लिहा. कंपनीचं, शोरूमचं नाव कुणी घालू नये. काय बिघडलं, हातात कोणता कागद मिळाला आणि शेवटी काय झालं, एवढं सांगा.

गॅरेजवाला, अक्कलकोट रोड

ताई, आधी जिवाचं बोलतो, कागदाचं नंतर.

इंजिन बंद पडलं की ब्रेक जड का होतो? पेट्रोल गाडीत ब्रेक बूस्टरला, म्हणजे पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, लागणारा व्हॅक्यूम (हवेची ओढ) इंजिनाकडून येतो. इंजिन थांबलं की बूस्टरमध्ये जेवढा उरलाय तेवढ्यावर दोन-तीन दाब मिळतात, पुढे सगळा जोर पायाचा. म्हणून अशा वेळी पॅडल मारत बसायचं नाही. एकदाच दाबायचं आणि दाबून धरायचं. ब्रेक गेलेला नसतो, फक्त फार ताकद मागतो. हॅझर्ड लावा, गाडी डाव्या बाजूला जाईल असं बघा. हँडब्रेक हळूहळू, एकदम खेचला तर मागची चाकं घसरतात. आणि किल्लीची गाडी असेल तर चालत्या गाडीत किल्ली बाहेर काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक नवीन चालवणाऱ्याला मी सांगतो, कारण कुणी शिकवतच नाही.

आता तुमचा आजार. गरमीत, चालता चालता बंद आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू, म्हणजे माझा पहिला संशय टाकीतल्या इंधन पंपावर. गेल्या काही वर्षांत जगभर बऱ्याच कंपन्यांनी याच भागासाठी गाड्या परत बोलावल्या. पंपाच्या आतली प्लॅस्टिकची चक्री इंधन पिऊन फुगते, घासते आणि अडकते. गाडी उभी असताना तपासली तर काही सापडत नाही. चालत्या गाडीत इंधनाचं प्रेशर मोजावं लागतं. शोरूमला स्कॅन रिपोर्टची प्रिंट मागा, त्यात गाडीने साठवलेले बिघाडाचे जुने कोड सापडतात. आणि कंपनीच्या साइटवर चासी नंबर टाकून रिकॉल आहे का ते बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

दोष सापडेपर्यंत हायवेला गाडी घालू नका. घरात दुसरी गाडी नसेल तर एसटीने जा.

टॉवेलचा माल पोचवणारा

माझा छोटा टेम्पो आहे. एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे उचलायचे आणि लातूर, धाराशिवला टाकायचे, हे आपलं रोजचं. टेम्पो घेऊन पाच महिने झाले होते. मागच्या डाव्या चाकातून घरघर यायला लागली. शोरूमवाला म्हणायला, नवीन गाडी आहे मालक, बसेल जागेवर. पंधरा दिवसांनी पुन्हा नेली, तर ग्रीस मारून दिलं. तिसऱ्या आठवड्यात तामलवाडीच्या पुढं चाक हबसकट, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या मधल्या भागासकट, निघालं आणि माझ्या डोळ्यादेखत रस्ता ओलांडून शेतात गेलं. त्या बाजूला तेव्हा कुणी नव्हतं. दहा मिनिटं आधी तिथून शाळेची पोरं गेलेली.

वॉरंटी मागितली तर एकच शब्द: ओव्हरलोड. लिहून पण दिलं नाही, नुसतं तोंडी.

मला एका सवयीनं वाचवलं. माल घेतला की मी काट्यावर वजन करतो, कारण व्यापारी भाडं वजनावर देतो. काट्याच्या पावत्या मी तारखेवार सुतळीला ओवून ठेवतो. पाच महिन्यांच्या सगळ्या पावत्या निघाल्या आणि एकाही खेपेला पासिंगपेक्षा, म्हणजे मंजूर वजनापेक्षा, जास्त वजन नव्हतं. सगळ्यांच्या झेरॉक्स काढल्या, कंपनीच्या मुख्य ऑफिसला रजिस्टर पोस्टानं पाठवल्या आणि खाली लिहिलं: ओव्हरलोड कोणत्या तारखेला होता ते सांगा. अठरा दिवसांनी दोन्ही बाजूंचे हब, बेअरिंग आणि एक्सल फुकट बदलून मिळाला. बुडालेल्या भाड्याचा रुपयापण दिला नाही.

तुटलेला हब मात्र मी शोरूमला दिला नाही. ते लई मागत होते. तो घरी माळ्यावर आहे.

ग्राहक आयोगात काम करणारी वकील

वरच्या दादांनी हब दिला नाही हे फार मोलाचं काम केलं. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांनी बिघडलेला भाग शोरूमला देऊन टाकलेला असतो आणि मग दोष सिद्ध करायला हातात काही उरत नाही. भाग वॉरंटीत बदलला तर कंपनी जुना परत मागते, हे खरं. निदान द्यायच्या आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, त्यावरचा नंबर टिपा आणि ‘भाग परत घेतला’ अशी पोच घ्या.

दादांसारख्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. ‘टेम्पो धंद्याचा आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं समोरचा वकील हमखास म्हणतो. पण ज्याने स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी गाडी घेतली त्याला कायदा ग्राहकच मानतो. एकाच टेम्पोवर घर चालतं हे तक्रारीत पहिल्याच परिच्छेदात लिहा.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा जुलै 2020 पासून लागू आहे. तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. कंपनी गुरुग्रामची असो की चेन्नईची, सोलापूरच्या जिल्हा आयोगात तिला यावं लागतं. मोजली जाते ती तुम्ही मोजलेली किंमत: 50 लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मुदत दोन वर्षं. ‘बघू, करू’ करत शोरूमवाले हीच दोन वर्षं खातात. तक्रारीत शोरूम आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले (विरुद्ध पक्ष) करा, नाहीतर एक दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

गाडी बदलून मिळेल का, हे सगळे विचारतात. खरं सांगायचं तर सहजासहजी नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच एका प्रकरणात सांगितलं की वॉरंटीची अट भाग बदलून देण्याची असेल तर अख्खी गाडी मागता येत नाही. पण सुरक्षेचा प्रश्न आला की चित्र बदलतं. एप्रिल 2022 मध्ये त्याच न्यायालयाने अपघातात एअरबॅग न उघडलेल्या गाडीच्या मालकाला नवीन गाडी देण्याचा आदेश कायम ठेवला. धडकेचा वेग आणि जोर यांचं गणित ग्राहकाला यावं ही अपेक्षाच चूक आहे, असा त्या निकालाचा सूर होता. मूळ टीप लिहिणाऱ्या बाईंनी तो निकाल जरूर वाचावा. काउंटरवर त्यांना जे ऐकवलं गेलं, त्याचं उत्तर त्यात आहे.

मी हरलो ती केस, बार्शी

सगळ्यांचं चांगलं झालं असं नको वाटायला, म्हणून लिहितो. माझ्या गाडीच्या वायरिंगमधून दोनदा धूर आला. दुसऱ्या वेळी बायको एकटी चालवत होती. मी आयोगात गेलो, स्वतःच बाजू मांडली, साडेतीन वर्षं तारखा केल्या. केस फेटाळली गेली. कारणं दोन. मी बाहेरून म्युझिक सिस्टिम आणि जास्तीचे दिवे बसवले होते, आणि त्यासाठी मूळ वायर कापली होती. दुसरं, तज्ज्ञाचा अहवाल नव्हता. आयोगाकडे अर्ज करून गाडी तपासणीला पाठवता येते हे मला कळलं तेव्हा गाडी विकून झाली होती.

घेणाऱ्याला मी सगळं सांगितलं होतं. तरी अजून कधी रात्री त्याची आठवण येते.

आईची स्कूटर, जुने विडी घरकुल

आमच्या अम्माला पायाचा त्रास, म्हणून इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. विडीच्या कारखान्यात पानं आणायला, माल द्यायला ती जाते. दुसऱ्या उन्हाळ्यात चार्जिंगला लावली की सीटखालून गोडसर, नेलपॉलिशसारखा वास यायचा. डीलर म्हणाला, नवीन प्लॅस्टिकचा वास आहे. दीड वर्षाच्या गाडीला नवीन प्लॅस्टिकचा वास? एका रात्री अम्मानं मला उठवलं, “गाडी तापायलीय बघ.” सीट उचलली तर बॅटरीचा डबा एका बाजूने फुगलेला आणि हात लावू देईना. घर दोन खोल्यांचं, गाडी दाराच्या आत, आम्ही पाच जण झोपलेले. प्लग काढला, स्कूटर ढकलत मैदानात नेली आणि सकाळपर्यंत लांब बसून राहिलो.

सकाळी डीलरकडे गेलो तर शटर बंद. महिनाभराने पाटी पण उतरली. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावला, तक्रार नंबर मिळाला, कंपनीचा माणूस दहाव्या दिवशी येऊन बॅटरी घेऊन गेला. नवीन मिळाली. डिसेंबर 2022 पासून बॅटरीचे नियम कडक झालेत, नवीन बॅटरी त्या नियमांची आहे का हे त्यांच्याकडून लिहून घेतलं. आता चार्जिंग बाहेर, दिवसा, आणि उन्हातून आल्यावर गाडी गार झाल्याशिवाय नाही. ज्यांची स्कूटर दारात चार्ज होते त्यांनी आजच ती जागा बदला. दार अडलं तर घरातून निघायला वाट नसते.

रिक्षा, रेल्वे स्टेशन

सीएनजीचा वास यायला लागला. शोरूम म्हणलं वास तर येणारच. मी साबणाचं पाणी करून जोडावर ओतलं, बुडबुडे आले, व्हिडिओ काढला. त्याच दिवशी जोड बदलून दिला. सिलिंडरची तपासणी दर तीन वर्षांनी असते, पाटीवरची तारीख बघत जा.

पुन्हा मूळ टीप लिहिणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. पुढे काय झालं ते सांगते.

चासी नंबर टाकला, माझी गाडी रिकॉलच्या यादीत नाही. स्कॅन रिपोर्ट शोरूमने “तो आमचा अंतर्गत कागद आहे” म्हणून दिला नाही. मग अक्कलकोट रोडच्या दादांकडे गेले. त्यांनी स्कॅनर लावला, इंधनाचं प्रेशर कमी झाल्याचा कोड साठलेला निघाला. त्याचा फोटो, चारही जॉब कार्डं, किलोमीटरचे दोन फोटो असं सगळं एका पत्राला जोडलं आणि कंपनीच्या मुख्य कार्यालयाला रजिस्टर पोस्टाने पाठवलं, ईमेलही केला. पत्रात मी एकच मागणी केली: ‘ही गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे, असे सही-शिक्क्यानिशी लिहून द्यावे.’

तसं लिहून द्यायला कुणीच तयार झालं नाही. पुण्याहून इंजिनिअर आले. त्यांनी प्रेशरचा गेज लावून भर दुपारी होटगी रोडला गाडी फिरवली. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी मी शेजारच्या सीटवर होते आणि गाडी त्यांच्या हातात बंद पडली. त्यांचाही पाय ब्रेकवर तसाच अडकला. गाडी कडेला लागल्यावर ते मिनिटभर बोलले नाहीत, मग म्हणाले, “मॅडम, हे तुम्ही चार वेळा सोसलंत?”

पंप बदलला. जॉब कार्डावर या वेळी मी उभी राहून लिहून घेतलं: ‘चालू स्थितीत इंजिन बंद पडणे, कारण इंधन पंप निकामी.’ जुन्या पंपाचा नंबर टिपून घेतला.

एक काम राहिलंय. हा धागा वाचून बार्शी आणि पंढरपूरच्या दोघांनी मला निरोप पाठवला. त्यांचं मॉडेल तेच, लक्षणं तीच, आणि तिघांच्या गाड्या तीन महिन्यांच्या आत बनलेल्या. मोटार वाहन कायद्यात रिकॉलची तरतूद 1 एप्रिल 2021 पासून आहे. सात वर्षांच्या आतल्या गाडीच्या सुरक्षेतल्या दोषाची तक्रार मालक वाहन पोर्टलवर नोंदवू शकतो, आणि एकाच मॉडेलच्या पुरेशा तक्रारी झाल्या की सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं. आम्ही तिघं या रविवारी एकत्र बसून आपापली तक्रार भरतोय. पेट्रोलची गाडी, दोन वर्षांच्या आतली, उन्हात चालता चालता बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा सुरू होते, असं ज्यांचं असेल त्यांनी रविवारच्या आत मला निरोप करा. येताना आरसी आणि सगळी जॉब कार्डं आणा, ‘जनरल चेकअप’ लिहिलेलीसुद्धा.