प्रतिसाद: तेरा महिने झाले, अजून चालत नाही
लेक तेरा महिन्यांची झाली तरी चालत नाही, आणि सगळे वॉकर आणा म्हणतात, असं वर लिहिलंय म्हणून सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या टप्प्यांनुसार (त्यात भारतातलीही मुलं होती) आधाराशिवाय चालणं ८.२ ते १७.६ महिन्यांत कधीही येतं. साधारण ४ टक्के मुलं तर रांगलीच नाहीत! आमचा धाकटा एक पाय दुमडून बसल्या बसल्या सरकायचा, हातात पोळीचा तुकडा तसाच. मग दिवाणाची कड धरून पावलं टाकू लागला. वॉकर मात्र नकोच, त्यातून मुलं जिन्यावरून पडतात. कॅनडात २००४पासून बंदी आहे. पांगुळगाडा चालेल, पण तुम्ही शेजारी हव्यात. १८ महिन्यांपर्यंत चालली नाही, किंवा जे येत होतं ते करेनाशी झाली, तर बालरोगतज्ज्ञांना लगेच दाखवा.