‘मॅकगायव्हर’ पुन्हा पाहिलेल्यांचे अनुभव

अमेरिकेच्या एबीसी वाहिनीवर १९८५ ते १९९२ या काळात सात पर्वे चाललेली ‘मॅकगायव्हर’ ही मालिका आपल्यापैकी अनेकांनी केबलच्या सुरुवातीच्या दिवसांत, निम्मे इंग्रजी संवाद कळत नसतानाही, खिळून पाहिली होती. अलीकडे ज्यांनी ती पुन्हा पाहिली, त्यांना आता काय भावले आणि काय खटकले, हे त्यांनी अवश्य लिहावे. सुरुवात मी करतो. बुडापेस्टच्या भागातील छोट्या मोटारींचा जो पाठलाग मला तेव्हा अद्भुत वाटला होता, तो १९६९च्या ‘द इटालियन जॉब’ या चित्रपटातून उचललेला आहे, आणि मुंग्यांची ती अक्राळविक्राळ फौज १९५४च्या ‘द नेकेड जंगल’मधली आहे. चाकू, चिकटपट्टी अशा हाताशी असेल त्यावर भागवण्याचा नायक मॅकगायव्हरचा बाणा निर्मात्यांनीही पाळला म्हणायचा!

रसायनशास्त्राची शिक्षिका, सोलापूर
पहिल्याच भागात गंधकाम्लाची गळती तो चॉकलेट लावून थांबवतो. आम्ल साखरेतील पाणी ओढून घेते आणि मागे काळा कार्बन उरतो, हा वर्गात नेहमी दाखवला जाणारा प्रयोग आहे, त्यामुळे कल्पनेचा पाया पक्का आहे. मात्र एवढी मोठी गळती काही वड्यांनी इतक्या झटपट बंद होईल, हे मला पटत नाही. तरीही विद्यार्थ्यांना हा प्रसंग सांगितला की ते सूत्र विसरत नाहीत.

व्हँकूव्हरहून
तिसऱ्या ते सहाव्या पर्वाचे चित्रीकरण या शहराच्या परिसरात झाले. कथा कुठल्याही देशात घडो, मागे तेच उंच सूचिपर्णी वृक्ष आणि तेच ढगाळ आभाळ दिसते, त्यामुळे घरचे सगळे आता कथा सोडून जागाच ओळखत बसतात.

निवृत्त बँक अधिकारी, पुणे
लहानपणी मुलांना चाकू आणि चिकटपट्टी आवडे. मला या वयात नायकाचा वरिष्ठ आणि मित्र पीट थॉर्नटन आवडला. ही भूमिका करणारे डेना एल्कार यांची दृष्टी काचबिंदूने जाऊ लागली, तेव्हा त्यांना वगळण्याऐवजी लेखकांनी तेच दुखणे पीटलाही दिले, आणि शेवटच्या पर्वात तो पांढरी काठी घेऊन वावरताना दिसतो. माझ्या आईलाही हाच आजार होता, म्हणून असेल कदाचित, पण कसलेले अभिनेते डोळे मिटून जो आंधळेपणा रंगवतात, त्याच्याशी याची तुलनाच होऊ शकत नाही. मालिकेतील मारामाऱ्या मी हल्ली न पाहता पुढे सरकवतो. खलनायक मर्डॉक दरीत कोसळताना नायकाच्या नावाने आरोळी ठोकतो आणि पुढच्या वेळी धडधाकट परततो, याचे आता हसू येते. नायक बंदूक का टाळतो, हे सांगणारा बालमित्राच्या अपघाती मृत्यूचा भाग मात्र मी एका बैठकीत, कुठेही न थांबवता पाहिला.